डोक्यातलं कसब तुझं, कपाटातली मेथड शीट मालकाची

कोल्हापूरच्या एमआयडीसीतून पत्र आलंय, एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, ७ वर्षं काढलेल्या मुलाचं. नाव-गाव देत नाही, म्हणणं तेवढं थोडक्यात देते. मोल्डिंग म्हणजे वाळूचा साचा करणं, मेथडिंग म्हणजे त्या साच्यात धातू कुठून आणि कसा भरायचा हे ठरवणं, आणि ते ज्यावर लिहून ठेवतात ती मेथड शीट.

"ताई, हेल्पर म्हणून लागलो, आता मोल्डिंग आणि मेथडिंग दोन्ही बघतो. सगळं मालकांनी शेजारी उभं राहून शिकवलं. आता दुसऱ्या फाउंड्रीत ८ हजार जास्त मिळतायत म्हणून राजीनामा दिला, तर मालक म्हणाले, तू सही केलेल्या कागदाप्रमाणे ३ वर्षं जिल्ह्यातल्या कुठल्याच फाउंड्रीत जायचं नाही, गेलास तर ट्रेड सीक्रेटची, म्हणजे धंद्याचं गुपित फोडल्याची, केस टाकतो. माझ्याकडे माझ्या अक्षरातली एक वही आहे, मोबाइलमध्ये मेथड शीटचे साठेक फोटो आहेत, कस्टमरच्या रेटचेही आहेत. माझ्या डोक्यात आहे ते मालकाचं कसं काय? आणि असला कायदा पाहिजेच कशाला, ज्याला जमतंय त्यानं करावं की. अजून एक, शेडमधल्या धुळीची तपासणी झाली त्याचा रिपोर्ट मागितला तर म्हणाले ते कंपनीचं कॉन्फिडेन्शियल आहे. हेही गुपितच का?"

अरे, नोकरीचं आधी सांगते कारण त्या काळजीनं तुला झोप लागत नसणार. नोकरी घे. नोकरी सोडल्यावर ३ वर्षं त्याच धंद्यात जायचं नाही ही अट आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २७ सरळ म्हणतं की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द, धंद्याचं गुडविल, म्हणजे जमलेलं नाव आणि गिऱ्हाईक, विकलं असेल तर तेवढा एक अपवाद. हे कलम डेव्हिड डडली फील्ड नावाच्या अमेरिकन वकिलानं न्यूयॉर्कसाठी केलेल्या मसुद्यावरून घेतलंय, आणि त्याच मसुद्यावरून त्याच १८७२ साली कॅलिफोर्नियानंही तसंच कलम घेतलं, म्हणून तिथल्या कंप्युटर कंपन्यांतले इंजिनिअर आज इकडून तिकडे जाऊ शकतात. तुझे हात, तुझी नजर, धातू ओतायला तयार झालाय हे लांबून ओळखायची तुझी सवय, हे तुझं आहे, ते मालकांनी शिकवलं असलं तरी तुझंच.

आता तुझा दुसरा प्रश्न, असला कायदा पाहिजेच कशाला. मला खरं बोलायचंय ते यावर, कारण तू तो रागात विचारलायस आणि तुझा राग मला समजतो, पण त्या रागात एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटतीय.

माझे एक काका इचलकरंजीत सायझिंग चालवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या सुताला कांजी लावतात म्हणजे विणताना सूत तुटत नाही, त्याला सायझिंग म्हणतात. काकांच्या कांजीचं नाव होतं, त्यांच्याकडून आलेल्या बीमवर, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळावर, सूत तुटायचं प्रमाण कमी, लोक लांबून बीम पाठवायचे. ती कांजी ते पहाटे स्वतः बनवायचे, दार आतून लावून. स्टार्च कुठला, त्यात काय मिसळायचं, किती वेळ शिजवायचं, कुठल्या काउंटच्या, म्हणजे जाडीच्या, सुताला केवढी पातळ ठेवायची, कुणालाच माहीत नाही, बायकोला नाही, पोरांनाही नाही. कारण आधी एकदा त्यांचा विश्वासातला मुकादम सगळं शिकून दुसऱ्या सायझिंगला गेला होता, सोबत कांजीच्या हिशोबाची डायरी घेऊन, आणि काकांना कुणी सांगितलं नाही की यावर काही करता येतं, त्यामुळं त्यांनी त्यांना जमेल ते केलं, दार लावून घेतलं. १९९४ ला त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. पोरांनी अंदाजानं कांजी करून बघितली, सूत तुटायला लागलं, गिऱ्हाइकं तुटली, दीड वर्षात युनिट बंद. १४ माणसांची नोकरी गेली. काका त्यानंतर ६ वर्षं जगले, शुद्धीत, सगळं आठवत असणार, पण सांगता येत नव्हतं. त्यांच्या कॉटशेजारी बसून मी वही-पेन हातात देऊन बघितलंय, हातही चालत नव्हता.

मी २० वर्षं वकिली केली, त्यात या विषयावर बरंच वाचलं, पण हा कायदा कशासाठी हे मला त्या कॉटशेजारी कळलं. तू म्हणतोस हा कायदा मालकाचं गुपित बंद ठेवण्यासाठी आहे. उलट आहे रे. कायदा नसला तर गुपित जास्त घट्ट बंद होतं. आपला विश्वासघात झाला तर दाद मागायला जागा आहे एवढी खात्री असली की मालक दार उघडतो, तुझ्यासारख्या हेल्परला शेजारी उभं करून सांगतो की राइझर, म्हणजे थंड होताना आकसणाऱ्या धातूला भर घालायला साच्यात ठेवलेला जादा धातूचा साठा, इथं का ठेवायचा, नाहीतर तो तुला फावडं देतो आणि मेथडिंग फक्त स्वतःच्या मुलाला शिकवतो. तू ७ वर्षांत हेल्परचा मेथडिंगवाला झालास तो तुझ्या कष्टानं, पण त्यांनी तुला आत घेतलं म्हणूनसुद्धा.

कायदा नव्हता तेव्हा लोक काय करायचे बघ. व्हेनिसच्या सरकारनं १२९१ मध्ये काचेच्या सगळ्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, कारण सांगितलं आगीचं, पण पुढं काच करणाऱ्या कारागिरांना राज्य सोडून जायलाच बंदी केली. गुपित राखायचं म्हणून माणसंच कोंडली. केरळात आरन्मुळ्याला धातूचा आरसा करतात, आरन्मुळा कण्णाडी, त्यातल्या मिश्रधातूचं प्रमाण आजही मोजक्या घराण्यांतच आहे, घराबाहेर जात नाही. आपल्याकडच्या कितीतरी वैद्यांची औषधं त्यांच्यासोबत सरणावर गेली, पोरीला शिकवलं नाही कारण ती परघरी जाणार. गुपिताला कायद्याचा आधार नसला की ते रक्ताच्या नात्यात, जातीत, बंद दारामागं जाऊन बसतं, आणि तुझ्यामाझ्यासारख्या बाहेरच्याला तिथं जागा नसते. म्हणून मला हा कायदा पटतो, मालकांपेक्षा तुझ्यासारख्यांसाठी जास्त पटतो.

अमेरिकेतली १९७४ ची एक केस आहे, क्युवानी ऑइल विरुद्ध बायक्रॉन. रेडिएशन ओळखायच्या यंत्रात सोडियम आयोडाइडचे मोठे क्रिस्टल लागतात. क्युवानीच्या हार्शॉ नावाच्या विभागानं १९४९ पासून खटपट करत १९६६ मध्ये १७ इंची क्रिस्टल करून दाखवला, म्हणजे १७ वर्षं गेली. तिथले काही लोक नोकरी सोडून १९६९ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या बायक्रॉनमध्ये गेले आणि १९७० च्या एप्रिलपर्यंत तिथं १७ इंची क्रिस्टल तयार. ९ महिन्यात! आता ती माणसं हुशार होतीच, पण मधली फसलेली वर्षं दुसऱ्यानं सोसली होती ना. तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ट्रेड सीक्रेटचा कायदा दोन गोष्टींसाठी आहे, धंद्यातला प्रामाणिकपणा टिकावा आणि शोध लावायला लोकांना हुरूप यावा. आणि कोर्टानं हेही म्हटलं की हा कायदा काढून टाकला तर मालक आपली माहिती कमीत कमी माणसांना देतील आणि कुलपा-पहाऱ्यावर जास्त खर्च करतील. हे वाचलं तेव्हा मला काकांचं ते आतून लावलेलं दार आठवलं.

कुलपाच्या खर्चावरून अजून एक. १९६९ मध्ये टेक्सासमधल्या ब्यूमाँटला ड्यूपाँट कंपनीचा मेथॅनॉलचा कारखाना बांधून व्हायचा होता, वर छत पडलं नव्हतं. कुणीतरी पैसे देऊन दोन फोटोग्राफरना विमानातून फोटो काढायला लावले. फोटोग्राफर म्हणाले, आकाश सगळ्यांचं आहे, आम्ही कुणाच्या हद्दीत शिरलो नाही. कोर्टानं ते मानलं नाही, म्हणालं की बांधकाम चालू असताना अख्ख्या कारखान्यावर छत घाला, एवढा खर्च आम्ही कुणावर लादणार नाही. मला हा निकाल फार आवडतो. चोरीची भीती म्हणून प्रत्येकानं आपल्या शेडभोवती किल्ला बांधला तर तो पैसा कुठून येणार? तुमच्याच पगारातून आणि मालाच्या किमतीतून.

आणि आपल्या इकडची पण केस आहे, १९६७ ची, सुप्रीम कोर्टाची. कल्याणला सेंचुरीच्या कारखान्यात टायर कॉर्डचं, म्हणजे टायरला आतून बळकटी देणारं, सूत करायचं तंत्र परदेशातून आलं, हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून, आणि त्यांनी ते देताना अट घातली की आमची माहिती तुम्ही आणि तुमच्या कामगारांनी गुप्त ठेवायची. एका शिफ्ट सुपरवायझरनं ५ वर्षांचा करार केला, ट्रेनिंग घेतलं आणि मध्येच सोडून कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत लागला, टायर कॉर्डच्याच कामावर. कोर्टानं त्याला करारातली उरलेली मुदत संपेपर्यंत रोखलं. नीट बघ हं, मुदत संपेपर्यंतच, जन्मभर नाही. करार चालू असतानाची अट वेगळी आणि नोकरी संपल्यानंतरची वेगळी. तुझा ठरावीक वर्षांचा करार नव्हता, तू नोटीस देऊन रीतसर सुटतोयस, म्हणून ती केस तुझ्या नोकरीला लागू होत नाही. पण त्यातला एक मुद्दा मनात ठेव, गुप्ततेची हमी नसती तर त्या परदेशी कंपन्यांनी ते तंत्र देताना शंभरदा विचार केला असता, आणि ते सूत करायला शिकलेले आपले सगळे कामगार शिकलेच नसते.

तू विचारशील मग पेटंट घ्यावं की मालकानं. पेटंटला सगळी पद्धत जगासमोर मांडावी लागते, बदल्यात २० वर्षं हक्क, आणि मुळात काहीतरी नवा शोध असावा लागतो. पंपाच्या एका हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, राइझर कुठं आणि केवढा ठेवला की आत श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडणारी पोकळी, येत नाही, याला कोण पेटंट देणार? तरी त्यामागं किती हीट, म्हणजे भट्टीचे घाणे, वाया गेल्या, किती कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, फोडून परत भट्टीत टाकली, किती लाइट बिल भरलं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. गिऱ्हाइकाकडं कास्टिंग जातं तेव्हा राइझर तोडून फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई, झालेलं असतं, म्हणजे ते शहाणपण मालावर दिसत नाही, ते फक्त त्या शीटवर असतं. ती शीटच तुझ्या मोबाइलमध्ये आहे.

आपल्याकडं यासाठी वेगळा असा कायदा हे लिहीपर्यंत तरी नाही, करार आणि विश्वासभंगाची तत्त्वं यांवर कोर्टं काम चालवतात. मार्च २०२४ मध्ये सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या लॉ कमिशननं आपल्या २८९ व्या रिपोर्टमध्ये वेगळा कायदा करा म्हणून मसुद्यासकट सांगितलंय. जगभर कसोटी साधारण सारखी आहे, ट्रिप्स या पेटंट वगैरे हक्कांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेली: माहिती खरंच गुप्त हवी, गुप्त आहे म्हणून तिला किंमत हवी, आणि ती गुप्त ठेवायला मालकानं रास्त काळजी घेतलेली हवी. ही तिसरी अट लोक विसरतात. तू लिहिलंयस की मेथड शीट कपाटात कुलपात असतात, मग त्या गुपित. पण कस्टमरचे रेट मालकांनीच ४० जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते म्हणतोस, त्यात टेम्पोवाले पण आहेत, तर त्याला गुपित म्हणणं त्यांना जड जाईल. तरी ते फोटो तू नवीन ठिकाणी दाखवू नकोस, कायद्याचं सोड, ते शोभत नाही.

साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती, कोल डस्ट म्हणजे कोळशाची भुकटी, ओलावा किती असावा हे कुठल्याही पुस्तकात मिळतं, ते गुपित नाही. नवीन फाउंड्रीनं बाजारातून कास्टिंग विकत आणून कापून, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, तपासून स्वतः पद्धत बसवली तरी चालतं, प्रामाणिकपणे उलगडून शोधायला हा कायदा अडवत नाही, आणि म्हणूनच मला तो पेटंटपेक्षा सौम्य वाटतो. दुसऱ्यानं आपल्या अकलेनं तेच शोधलं तर मालकाला तक्रार करता येत नाही. अडवतो तो फक्त विश्वासानं दिलेलं घेऊन पळण्याला.

मात्र तुझ्या मालकांनी जे केलंय तेही मला अजिबात पटलेलं नाही, हे इथं स्पष्ट लिहिते. माणसाला ८ हजार जास्त मिळतायत म्हणून केसची भीती घालणं हा या कायद्याचा गैरवापर आहे, आणि असल्या धमक्यांनी पोरं वर्षानुवर्षं एकाच शेडमध्ये अडकून राहतात, पगार वाढत नाही, मुरानोच्या कारागिरांसारखंच होतं ते. ज्या कायद्यानं दार उघडायचं त्याच कायद्यानं माणूस कोंडायचा, हे चालणार नाही. त्यांना जपायचं आहे ते शीट, तर त्यांनी शीटबद्दल बोलावं, तुझ्याबद्दल नाही.

धुळीच्या रिपोर्टचं तर मला वाचूनच वाईट वाटलं. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कामगार काय श्वासात घेतोय ही माहिती कुठल्याच मालकाचं धंद्याचं गुपित असू शकत नाही, तिची किंमत गुप्त राहण्यात नाही, ती कळण्यात आहे. भोपाळला १९८४ मध्ये गॅस सुटला तेव्हा डॉक्टरांना समोरच्या माणसांच्या अंगात नेमकं काय गेलंय याची पुरेशी माहितीच नव्हती, त्या रात्रीची किंमत आपण मोजली. त्यानंतर १९८७ मध्ये तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम ४१ बी घातलं, कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्यांना देणं मालकावर बंधनकारक केलं. अमेरिकेनंही १९८६ मध्ये भोपाळवरूनच लोकांच्या माहितीच्या हक्काचा कायदा केला आणि त्यात रसायनाचं नाव गुपित असलं तरी उपचारासाठी डॉक्टरला ते द्यावंच लागेल असं लिहिलं. आपल्या माहिती अधिकार कायद्यात २००५ पासून व्यापारी गुपिताला सूट आहे, पण मोठं सार्वजनिक हित असेल तर ती सूट बाजूला ठेवता येते. लॉ कमिशनच्या मसुद्यातही गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण सुचवलंय. तेव्हा तो रिपोर्ट लेखी माग, नाही दिला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूरच्या ऑफिसात अर्ज दे, आणि जायच्या आधी छातीचा एक्स-रे काढून घे, ७ वर्षं कमी नाहीत. तू जाशील, मागं राहणाऱ्यांना पण तो आकडा कळायला हवा.

आता वही आणि फोटो. फोटो घाबरून लगेच डिलीट करू नकोस, केसची भाषा झालीय, उद्या पुरावा पुसला म्हणतील. ऑफिसच्या कंप्युटरवरून स्वतःला काही मेल केलं असशील तर ते पण आठवून ठेव, कारण परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं २००० च्या आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येऊ शकतं. मालकांना एक साधं पत्र लिही, की कामासाठी काढलेले मेथड शीटचे इतके फोटो माझ्याकडं आहेत, ते कुणाला दिलेले नाहीत, तुमच्यासमोर काढून टाकायला तयार आहे. पाठवायच्या आधी ते पत्र आणि तू सही केलेला कागद एका वकिलाला दाखव, मी इथून सगळा कागद वाचलेला नाही. वहीत दोन प्रकारचं आहे असं तू लिहिलंयस, ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळ्या, का येतात, ओतताना काय बघायचं अशा तुझ्या शिकण्याच्या नोंदी, आणि त्यांच्या ठरावीक जॉबचे राइझरचे साइज. शिकलेलं तुझ्याबरोबर येणारच आहे, ते नव्या वहीत आठवून लिही, जुन्यातून उतरवू नकोस. साइजची पानं असलेली ती वही त्यांच्या हातात दे, तुला त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं होतं हे त्यांच्या तोंडावर बोल, मनापासून बोल, आणि वही मिळाली म्हणून तारीख घालून त्यांची सही घे.